पाटीवरची खूण

दसरा उलटला की आमच्या वडवणीच्या बाजारात सीताफळे येऊ लागतात. बालाघाटाच्या उतारावरून बाया ती पाट्यांतून आणतात आणि बीड-परळी रस्त्याच्या कडेला ओळीने मांडून बसतात. या फळाला आम्ही कधी खत घातले नाही की पाणी दिले नाही. तरी २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा फुकटचा मान मिळाल्यासारखे आम्हा सर्वांना वाटले. असो. प्रस्तुत लेख सीताफळावर नाही. तो संगणकाच्या 'जावा' नावाच्या भाषेतील एका लहानशा नियमाच्या इतिहासावर आहे. लिहिणारा मनुष्य मॅट्रिकपुढे शिकलेला नाही, एका खेड्यातल्या शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या विषयावर बोलण्याचा त्याला काय अधिकार, असे वाचकांच्या मनात येईल. अधिकार काही नाही. कारण मात्र आहे, आणि ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून रिकाम्या हाताने परत आला. त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो; एकटा मनुष्य असला तर 'अर्धा कोयता'. माणसांचे असे प्रकार पाडण्याची विद्या आमच्या भागात फार जुनी आहे. त्या एका कोयत्याने घेतलेल्या उचलीतले काही पैसे मुलाच्या संगणकाच्या अभ्यासक्रमात गेले होते. नोकरी लागली तर पुढच्या वर्षी आईला तरी फडावर जावे लागणार नाही, असा त्या घराचा हिशेब होता. मुलाखतीत तो एका प्रश्नावर अडला. मी खोदून विचारले तेव्हा ओट्यावर बसून त्याने तो सांगितला.

"सर, सोप्पा होता हो प्रश्न. आंबा हे फळ आहे का म्हणले. मी म्हणलं, हो. मग आंब्यांची लिस्ट फळांची लिस्ट म्हणून चालंल का? मी म्हणलं, चालंल. तिथंच ते एकमेकांकडं बघून हसले. मग म्हणले, लिस्टच्या जागी अ‍ॅरे असली तर? मी घाबरून म्हणलं, नाही चालणार. तर अजूनच हसायले. तिथं चालतं म्हणे!"

हसणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचे नाही. मलाही मुलाचे पहिले उत्तर बरोबरच वाटले होते. प्रत्येक आंबा फळ आहे, तर आंब्यांची यादी ही फळांची यादी नव्हे, असे कोणता शहाणा म्हणेल? आणि समजा नव्हे. तर मग अ‍ॅरे, म्हणजे तोच माल ठरावीक खणांत मांडलेला, तिथे कसे चालते? एकाच भाषेने एकाच प्रश्नाला दोन उलट उत्तरे द्यावीत, हे मनाला पटेना. मी भाषेचा मास्तर आहे. भाषेत अपवाद असतात हे मला ठाऊक आहे. पण अपवाद आभाळातून पडत नाही. त्याच्यामागे कधीतरी काहीतरी घडलेले असते, आणि ते तर्काने नव्हे, इतिहासानेच उलगडते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शब्दकोश जवळ घेऊन, त्या मुलाकडून एकेक निबंध मागवून घेऊन मी वाचत बसलो. जे हाती लागले ते हे.

यंत्राच्या पोटात सर्व काही आकडेच असतात. ६५ हा आकडा तेथे पासष्ट रुपये असू शकतो आणि इंग्रजीतले मोठे 'ए' हे अक्षरही असू शकतो. आकड्याकडे पाहून काहीच कळत नाही. वरची खूण सांगेल ते खरे. या खुणेला 'टाइप' म्हणजे प्रकार म्हणतात. गणितात ही कल्पना बर्ट्रांड रसेलने १९०८ साली मांडली होती, ती स्वतःच शोधलेल्या एका कोड्यातून सुटण्यासाठी. संगणकवाल्यांनी ती उचलली, ती मात्र साध्या व्यवहारी कारणाने: रुपयांत अक्षर मिळवले जाऊ नये.

आता हा प्रकार एकेका वस्तूवर लिहिणे सोपे. अडचण येते ती वस्तू ठेवायच्या भांड्याची. पोत्यावर नुसते 'पोते' लिहिले तर आत ज्वारी की युरिया हे कळत नाही. 'ज्वारीचे पोते', 'युरियाचे पोते' अशी वेगवेगळी भांडी प्रत्येक मालासाठी नव्याने बनवायची म्हटली, तर शिंप्याचे आयुष्य पुरायचे नाही. पोते एकदाच शिवावे आणि 'अमक्याचे पोते' यातला 'अमका' वापरताना भरावा, अशी काही युक्ती हवी. इंग्लंडमधील क्रिस्टोफर स्ट्रेची याने १९६७ साली कोपनहेगन येथे दिलेल्या व्याख्यानांत या युक्तीला नाव दिले आणि तिची इतर युक्त्यांपासून फोड करून दाखवली. त्या व्याख्यानांची टिपणे तेहतीस वर्षे हातोहात फिरत राहिली. रीतसर छापली गेली ती २००० साली, स्ट्रेची वारल्यावर पुष्कळ वर्षांनी. एडिंबरोत रॉबिन मिल्नरने १९७८ साली या कल्पनेला पक्की बैठक दिली. अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत बार्बरा लिस्कोव्ह या विदुषीने सत्तरीच्या दशकातच आपल्या 'क्लू' या भाषेत अशी भांडी प्रत्यक्ष करून दाखविली. पुढे २००८ सालचे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. सांगायचा मुद्दा हा की, जावा जन्मली तेव्हा ही विद्या नवी नव्हती. वीस वर्षांची जुनी होती.

जावाचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियातील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्याचे सहकारी १९९१ च्या सुमारास घरगुती उपकरणांत चालेल अशी एक आटोपशीर भाषा तयार करीत होते. त्या उपकरणांचा धंदा काही जमला नाही. पण तोवर इंटरनेटचे वारे वाहू लागले, आणि एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कोणत्याही यंत्रावर चालावा हा त्या भाषेचा गुण एकदम मोलाचा ठरला. १९९५ साली ती जगापुढे आली. भाषा लहान आणि सोपी ठेवायची हे कर्त्यांचे धोरण होते, त्यामुळे पुष्कळ गोष्टी त्यांनी बाहेर ठेवल्या; त्यात हे 'अमक्याचे पोते'ही बाहेर राहिले.

मग जावात वस्तू ठेवीत कशात? नुसत्या पोत्यात. सर्व वस्तूंचा एक मूळपुरुष कल्पिलेला, त्याचे नाव 'ऑब्जेक्ट'; भांड्यात जे जाईल ते ऑब्जेक्ट म्हणून जाईल. घालताना कोणी विचारायचे नाही. काढताना मात्र काढणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगायचे, 'हा आंबाच आहे.' या सांगण्याला त्यांच्यात 'कास्ट' म्हणतात. आपल्या कानाला तो शब्द भलतेच काही सांगतो, पण तो विषय येथे नको. सांगितलेले खरे निघाले तर ठीक. खोटे निघाले तर प्रोग्रॅम चालता चालता कोसळायचा, आणि तोही लिहिणाऱ्याच्या टेबलावर नव्हे, गिऱ्हाइकाच्या दारात.

अ‍ॅरेची गोष्ट थोडी निराळी होती. खणांच्या मांडणीवर पहिल्यापासून खूण होती: ही आंब्यांची, ही आकड्यांची. ते चांगलेच, पण मग एक अडचण उभी राहिली. खणांतला माल लहान-मोठा लावून देणारे एकच काम सर्व मालांसाठी लिहायचे तर ते कसे लिहावे? 'अमक्याचे' म्हणण्याची सोय तर भाषेत नाही. तेव्हा कर्त्यांनी एक पळवाट ठेवली: आंब्यांची अ‍ॅरे ही फळांची अ‍ॅरे म्हणून चालेल, आणि कोणतीही अशी अ‍ॅरे ऑब्जेक्टांची अ‍ॅरे म्हणून चालेल. म्हणजे लावालावीचे काम ऑब्जेक्टांच्या अ‍ॅरेवर एकदाच लिहिले की झाले. निकड भागली. पण त्या पळवाटेत खड्डा होता, आणि तो समजावा म्हणून मला आता पुन्हा रस्त्याकडेच्या पाटीकडे यावे लागते.

यंदा दसऱ्यानंतर तो मुलगा गावी आला तेव्हा त्याच्या आईने आमच्या घरी सीताफळांची एक पाटी पाठवली होती. ती मध्ये ठेवून मी त्याला विचारले, "ही कशाची पाटी?"

"सीताफळांची."

"फळांची म्हणू का?"

"म्हणा की. सीताफळ फळच आहे."

"बरं. आता असं समज, मी ती शेजारी नेऊन दिली आणि सांगितलं, ही फळांची पाटी आहे. शेजारीण भली बाई. पाटी परत करताना रिकामी कशी द्यायची म्हणून तिनं त्यात चार लिंबं टाकली. तिची काही चूक?"

"नाही. फळांची पाटी म्हणलात तुम्ही."

"आणि इकडं तुझ्या आईनं हिशेब धरलाय की ही सीताफळांची पाटी आहे. ती अंधारात पाटीत हात घालते, हाताला येईल ते फोडून त्यातला गर काढायला लागते. तिची काही चूक?"

मुलगा बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चूक तुमची आहे सर. तुम्ही नाव बदलून दिलं."

नेमके हेच. नुसते बाहेर काढायचे असते तर सीताफळांच्या पाटीला फळांची पाटी म्हणायला काहीच हरकत नव्हती. जे निघेल ते फळच निघेल. बिघाड होतो तो घालण्याने. फळांच्या पाटीत कोणतेही फळ घालण्याची मुभा असते. सीताफळांच्या पाटीत ती नसते. म्हणून सीताफळ हे फळ असले तरी सीताफळांची पाटी ही फळांची पाटी नव्हे. आम्ही मास्तर लोक 'प्रत्येक आंबा फळ आहे' एवढे शिकवून थांबतो. घालणारा कोण आणि काढणारा कोण हे विचारीतच नाही, कारण फळ्यावरच्या आंब्यांत कोणी काही घालीत नाही.

हा खड्डा जगाला ठाऊक नव्हता असे नाही. बर्ट्रांड मेयर या फ्रेंच गृहस्थाने ऐंशीच्या दशकात 'आयफेल' नावाची मोठी विचारपूर्वक भाषा रचली होती, तिच्यात अशी मोकळीक होती. आणि विल्यम कुक याने १९८९ साली एका निबंधात त्या मोकळिकीतून प्रकारांचा पक्केपणा कसा गळतो हे दाखवून दिले होते. म्हणजे जावा बाहेर पडण्याच्या सहा वर्षे आधी ते छापून आलेले होते. जावाच्या कर्त्यांनी खड्डा बुजवला नाही, त्याच्या तोंडाशी पहारेकरी बसवला. अ‍ॅरेच्या खणात प्रत्येक वेळी वस्तू घालताना यंत्र थांबून पाहते: या मांडणीवरची मूळ खूण कोणती? सीताफळांची? मग हे लिंबू मागे घ्या. आणि प्रोग्रॅम तेथेच तक्रार करून पडतो. म्हणून 'अ‍ॅरेला चालते' हे उत्तर बरोबर असले तरी अर्धेच. चालते, पण लिहिताना; चालवताना चालेलच असे नाही. आणि ज्याने आयुष्यात कधी सीताफळांत लिंबू घातले नाही, त्यालाही त्या पहारेकऱ्याचा वेळ दर वेळी मोजावा लागतो.

येथून पुढचा भाग मला सर्वांत चटका लावणारा वाटला.

मार्टिन ओडर्स्की आणि फिलिप वॉडलर हे दोघे प्राध्यापक. पैकी वॉडलर मिल्नरच्या परंपरेतल्या विद्येत मुरलेला. त्यांनी १९९७ साली जावावर 'पिझ्झा' नावाची एक वाढीव भाषा रचून दाखवली. तिच्यात 'अमक्याची लिस्ट' होती, आणखीही बऱ्याच शोभेच्या गोष्टी होत्या. सनमधल्या गिलाड ब्राखा आणि डेव्हिड स्टाउटामायर यांनी त्यांच्याशी हातमिळवणी केली. बाकीची शोभा बाजूला ठेवून या चौघांनी १९९८ साली एवढी एकच गोष्ट पुढे आणली. त्यांच्यापुढे अट मोठी कठीण होती. जावात तोवर अफाट लिखाण झाले होते, आणि त्याच वर्षी जोशुआ ब्लॉक याने रचलेला भांड्यांचा नवा संचही, नुसत्या पोत्यांचाच, भाषेत आला. जुन्या गिऱ्हाइकाने नव्या दुकानात यावे तरी अडू नये, आणि नव्या गिऱ्हाइकाने जुन्या दुकानात जावे तरी अडू नये. एका रात्रीत सगळ्यांनी बदला, असे सांगण्याची सोय नव्हती.

त्यांनी काढलेला तोडगा असा. लिहिताना 'सीताफळांची लिस्ट' असे कोनी कंसात स्पष्ट लिहायचे. कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून यंत्रासाठी उतरवून देणारा कारकून, तो त्या खुणेवरून सर्व ठिकाणी तपासणी करील: येथे लिंबू जात आहे, येऊ देणार नाही. तपासणी पुरी झाली की तोच कारकून ती खूण पुसून टाकील. काढणाऱ्याने जे पूर्वी छातीवर हात ठेवून सांगायचे, ते सांगणे तो स्वतःच जागोजाग घालून देईल. यंत्रापुढे जाईल ते पूर्वीचेच नुसते पोते. जुने आणि नवे चालताना अगदी सारखे; म्हणून कुठेच अडत नाही.

हे वाचले आणि मला आमच्या आजोबांची चोपडी आठवली.

आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे हैदराबादचा हाली शिक्का चाले आणि इंग्रजी रुपयाला आमचे लोक कलदार म्हणत. दोन्ही रुपयेच; पण सात हाली म्हणजे सहा कलदार. १९४८ साली संस्थान भारतात आले, आणि १९५० मध्ये हिंदी रुपया येथे रीतसर सुरू झाला तोही याच सातास सहाच्या हिशेबाने. एका दिवसात हाली बंद करणे शक्य नव्हते. लोकांच्या गाडग्यांत, लुगड्यांच्या गाठीत, देण्याघेण्यात सगळीकडे हालीच होते. म्हणून काही वर्षे दोन्ही शेजारी शेजारी चालले. हे शहाणपणाचेच झाले, असे मी आजही म्हणेन. पण गावोगावच्या चोपड्यांत पूर्वीपासून नुसते 'रुपये' लिहायची चाल होती. हाली की कलदार यासाठी रकानाच नव्हता. बोलताना दोघांनाही ठाऊक असायचे. लिहून झाले की ती खूण हवेत विरून जायची.

आजोबांच्या नावावर अशी ३५० रुपयांची एक नोंद होती. आजोबा म्हणत, ते हाली. म्हणजे ३०० कलदार. सावकार वारला होता, आणि त्याच्यामागे वही हातात आलेला मनुष्य म्हणे, वहीत रुपये लिहिले आहे आणि आज रुपया एकच आहे. कोणी खोटे बोलत नव्हते, असे माझे वडील अखेरपर्यंत सांगत. वहीच मुकी होती. आजोबांनी साडेतीनशे भरले. वरच्या पन्नासात घरची गाय गेली, आणि आमच्या घरात नंतर कित्येक वर्षे 'हालीची गाय' हा शब्द नाहक तोट्याला वापरीत असत.

जावाचा कारकून त्या मुनिमापेक्षा हुशार, यात शंका नाही. तो खूण पुसतो ती तपासून झाल्यावर. सगळे लिखाण नव्या रीतीचे असेल तर पुसलेल्या खुणेने काही बिघडत नाही. पण जुन्या रीतीचे नुसते पोतेही अजून चालते, तसे चालावे हीच अट होती. एखाद्याने सीताफळांची लिस्ट जुन्या पोत्याच्या नावाने पुढे दिली की तेथून आत लिंबू जाऊ शकते. कारकून फक्त एवढे लिहून ठेवतो की, 'येथली तपासणी मला करता आली नाही.' ही सूचना कोण वाचतो? आमच्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले की तोही वाचत नव्हता.

आणि मुलाखतीतल्या प्रश्नाची गाठ येथे सुटते. अ‍ॅरेवरची खूण चालतानाही जागेवर असते, म्हणून तेथे पहारेकरी बसवता आला आणि लिहिताना ढिलाई परवडली. लिस्टवरची खूण चालताना उरतच नाही. पहारेकरी बसवावा तर त्याने वाचायचे काय? म्हणून तेथे जे काही अडवायचे ते लिहितानाच, दारातच अडवणे भाग पडले. अ‍ॅरेचा नियम १९९५ सालच्या निकडीतून आला, लिस्टचा नियम त्यानंतरच्या शहाणपणातून. आणि नवे शहाणपण आले म्हणून जुना नियम मागे घेता आला नाही, कारण त्याच्यावर लोकांची घरे उभी राहिली होती. मुलाने दोन्ही उत्तरे उलटी दिली हे खरे. पण त्याला तर्क विचारला होता; इतिहास कोणी सांगितला नव्हता.

एक मौजेची गोष्ट. या चौघांच्या भाषेसाठी ओडर्स्कीने लिहिलेला कंपायलर इतका चांगला होता की सनने २००० साली आपला जुना टाकून तोच घेतला. मात्र त्यातली 'अमक्याची लिस्ट' ही सोय बंद करून. पुढे चार वर्षे दिवा घरात आणि बटण बंद! शेवटी ३० सप्टेंबर २००४ या दिवशी जावाची पाचवी आवृत्ती निघाली, तेव्हा ते बटण दाबले गेले.

वेळ लागला त्याचे एक कारण असे की, नुसते अडवून भागत नव्हते. फक्त मोजणाऱ्याला किंवा फक्त काढून खाणाऱ्याला सीताफळांची पाटी द्यायला काय हरकत? उलट, ज्याला नुसती सीताफळे टाकायची आहेत, त्याला मोठी 'कोणत्याही फळांची' पाटी दिली तरी काय बिघडले? अत्सुशी इगाराशी आणि मिर्को व्हिरोली, एक जपानी आणि एक इटालियन, यांनी २००२ साली यावर वाट दाखवली: पाटी देतानाच सांगावे, ही तुला काढण्यासाठी की घालण्यासाठी. डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठातल्या मंडळींनी सनच्या लोकांबरोबर बसून ती वाट जावात आणली. तिला 'वाइल्डकार्ड' म्हणतात आणि ती प्रश्नचिन्हाने लिहितात. विद्यार्थी या प्रश्नचिन्हाला फार भितात. आमचाही भीत होता. भांड्यांचा संच करणाऱ्या त्याच ब्लॉकने २००८ साली आपल्या पुस्तकात त्याची एक सुटसुटीत आठवण करून दिली आहे, तिचा मतितार्थ वर आला तोच: देणाऱ्या पाटीचा नियम वेगळा, घेणाऱ्या पाटीचा वेगळा. ज्या पाटीत तुम्ही घालताही आणि जिच्यातून काढताही, तिचे नाव मात्र बदलायचे नाही.

दुसरा रस्ता नव्हता असे मात्र कोणी समजू नये. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधनशाळेत अँड्र्यू केनेडी आणि डॉन साइम यांनी 'सी-शार्प' या भाषेसाठी हेच काम हाती घेतले आणि खूण पुसायची नाही, असे ठरवले. २००५ साली त्यांची सोय बाहेर पडली तेव्हा जुनी भांडी जुन्या कपाटात तशीच ठेवून नवी खुणेची भांडी वेगळ्या कपाटात लावली होती. त्यात घरात दोन कपाटे झाली. पण चालतानाही भांडे विचारले तर सांगते, मी सीताफळांचे. त्यांची भाषा तेव्हा नवीन होती, गाडग्यांत पुरलेले हाली थोडे होते. मला विचाराल तर मला हा रस्ता अधिक बरा वाटतो. पण मी गाय गेलेल्या घरातला मनुष्य आहे, माझे मत निःपक्षपाती धरू नये.

जावाचा हा सगळा पसारा २००४ पासून लक्षावधी लोक वापरीत होते, विद्वान त्यावर निबंध लिहीत होते. आणि २०१६ साली नादा अमीन आणि रॉस टेट यांनी एक लहानसा प्रोग्रॅम लिहून दाखवला, ज्यात कोणतेही जुने पोते नाही, कोणाचे छातीवर हात ठेवून सांगणे नाही, कारकुनाची तक्रार नाही; आणि तरीही एका प्रकारची वस्तू दुसऱ्या प्रकारच्या नावाखाली सुखाने जाते. खिंडार निघाले ते 'नल' या रिकाम्या वस्तूमुळे. नल म्हणजे काहीच नाही. आणि जे काहीच नाही ते प्रत्येक पाटीत बसते. एखादी पाटी प्रत्यक्षात असूच शकत नाही, तरी 'आहे' असा तिचा दाखला म्हणून नल पुढे केला की कारकून तो मान्य करतो, आणि त्या खोट्या दाखल्यावर पुढची सगळी तपासणी पार पडते. बारा वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. नुकसान फारसे होत नाही, कारण कारकुनाने जागोजाग घालून ठेवलेले ते जुने सांगणे शेवटी चालताना खोटे पडते आणि प्रोग्रॅम तेथे थांबतो. म्हणजे ज्या पहाऱ्यापासून सुटका करायची होती, तोच शेवटी उपयोगी पडला.

हे मी मुलाला सांगितले तेव्हा तो हसला. गेल्या वर्षानंतर पाटीजवळ बसून तो पहिल्यांदाच हसत होता.

"मग सर, ज्यांनी हे केलं त्यांना कामावरून काढलं का?"

"नाही रे. कशाला काढतील?"

"नाही, मी एकदा चुकलो तर..." असे म्हणून तो थांबला. मग त्याने पाटीतली सीताफळे एकेक करून आमच्या टोपल्यात काढली, कारण पाटी त्याला आईकडे परत न्यायची होती; ट्रॅक्टर दिवाळीनंतर लगेच निघणार होता आणि ती पाटी फडावर लागणार होती. माझ्या बायकोने पाटी रिकामी कशी द्यायची म्हणून त्यात चार लिंबे टाकली. मुलाने माझ्याकडे पाहिले.

"राहू द्या सर," तो म्हणाला, "मी आईला सांगतो."

पुढच्या सोमवारी त्याला पुण्याला दुसऱ्या एका ठिकाणी बोलावले आहे.